चालत जाता येईल असं ठिकाण

इरावतीबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं शशिकांत मोहरील स्वतःला सांगत. खरं तर ते राहून गेलं नव्हतं. रोज सकाळी ते उत्तर लिहायचं ठरवत आणि रोज संध्याकाळी त्यांना वाटे, अजून पुरेशी माहिती हाती आलेली नाही.

पत्र साधंच होतं. नागपुरात भाचीकडे सगळं आहे, पण मन रमत नाही. जबलपूरला परत यावंसं वाटतं. विजय नगरात, तुमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एक भाड्याची खोली पाहून ठेवली आहे. 'आता स्वयंपाकाचा कंटाळा येतो. तिथून चालत जाता येईल, बाकड्यावर बसून गरम जेवता येईल, असं एखादं ठिकाण आहे का? असेल तर कळवा. मग खोलीचं नक्की करते.'

मोहरील जबलपूरच्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होते, बाई तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवत. शनिवारी कॉलेज सुटलं की बाई त्यांना खायला घेऊन जायच्या. कांचघरच्या बोळातले गरम मंगोडे, म्हणजे मुगाची भजी, सदर बाजारात एका जिन्याखाली मिळणारा डोसा. ठिकाण हुडकायच्या त्या, ऑटोवाल्यांना विचारायच्या त्या, मागवायच्याही त्याच. जिथे पाटी दुकानाहून मोठी, तिथे पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. मोहरील मान खाली घालून खात आणि 'कसं आहे?' विचारलं की 'बरं आहे' म्हणत. एवढ्या पुस्तकांमध्ये राहून तुम्हाला हा एकच शब्द सापडला का, असं बाई त्यावर विचारायच्या. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. स्टाफरूममध्ये लोक काय ते बोलून घेत. या दोघांनी तो विषय कधी काढला नाही. मग निवृत्ती आली आणि बाई नागपूरला गेल्या.

पत्र आल्यावर मोहरील कामाला लागले. एकट्याने कुठे शिरून बसायची त्यांना सवय नव्हती. पहिले काही दिवस ते टपऱ्यांवरून नुसते फेऱ्या मारत. पुढे धीर करून बसू लागले. एके ठिकाणी वरण चांगलं, पण तिखट. बाईंना आता ते सोसेल का? दुसरीकडे बाकडं उंच, त्यांचे गुडघे दुखतात. तिसरीकडे पोरं मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून बसलेली. एखादी जागा आवडली तरी दोन दिवसांनी वाटे, आपल्याला खाण्यातलं कळतं काय? आपल्या भरवशावर त्यांनी घर बदलावं?

शेवटी दुकानांच्या रांगेमागे एक पत्र्याची टपरी सापडली. भंडाऱ्याकडून आलेलं तुळशीराम आणि बेबीताई हे जोडपं ती चालवायचं. दुपारी वरण-भात-पोळी, संध्याकाळी शेणीच्या आरावर भाजलेले गक्कड, म्हणजे कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याचं भरीत. पाटी नव्हतीच. मोहरील रोज येत, थोडं खात, बाकड्याची उंची पाहत, पाण्याचा पिंप पाहत. एकदा बेबीताईने विचारलंच, "काका, तुम्ही जेवून राहिले का तपासणी करून राहिले? नगर निगमचे त नाही न तुम्ही?"

मोहरील ओशाळून हसले.

जागा पसंत पडली होती. फक्त पावसाळ्यात पत्रा गळतो की नाही, एवढं पाहायचं राहिलं होतं. म्हणून ते पावसाळ्यासाठी थांबले. पत्रा गळला नाही. मग थंडीत वारा कुठून शिरतो ते पाहू, असं त्यांना वाटलं.

थंडी सरता सरता ते लिहायला बसले, आणि पत्ता तोच असेल का अशी शंका आली म्हणून त्यांनी फोन केला. भाचीने, वैष्णवीने उचलला. मावशीचे हात फार कापतात आता, ती म्हणाली. घास तोंडापर्यंत पोचत नाही, आम्हीच भरवतो. मग तिने फोन बाईंच्या कानाशी धरला.

मोहरीलांनी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. टपरी, भरीत, बाकडं, पत्रा.

"पत्रा गळतो का, ते पाहत होतात?"

"हो, मॅडम."

"मोहरीलजी, काहीतरी विचारायचं म्हणून मी जेवणाचं विचारलं होतं. तुम्ही नुसतं 'या' लिहिलं असतं तरी पुरलं असतं. जेवणाचं काय, आपण हुडकलं असतं."

"खोली तर दिवाळीतच गेली," बाई म्हणाल्या. "आणि आता चार लोकांत बसून दुसऱ्याच्या हातून खायचं, ते मला नाही जमायचं. राहू द्या."

"बरं," मोहरील म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण 'बरं' म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना 'मला बोलवा' म्हटलं होतं, आणि ते बाकड्याची उंची मोजत फिरले होते.

संध्याकाळी ते टपरीवर गेले. ताट समोर येऊन निवत चाललं.

"काहून जी काका, आज नापास केलं का आम्हाला?" बेबीताईने विचारलं.

मोहरीलांनी नकारार्थी मान हलवली. मग, ताटाकडेच पाहत, म्हणाले, "एखाद्या माणसाला हाताने खाता येत नसेल... मी इथे भरवलं तर चालेल का?"

बेबीताईने आरातला गक्कड उलटला. "तुमचं माणूस, तुम्ही भरवान. आम्हाले काय करायचं जी? त्या कोपऱ्यात बसजा. इथं जो तो आपल्याच ताटात पाह्यते."

तुमचं माणूस, असं त्यांना आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. माफी मागायला लागलं की पत्र लांबत होतं आणि त्यात पुन्हा ते स्वतःच शिरत होते. शेवटी चार ओळी राहिल्या.

'मॅडम, या. खोली मिळाली नाही तर माझं घर आहे. बाहेर नको वाटलं तर घरी जेवू. मी भरवीन.'

त्या येणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. वैष्णवीच पत्र वाचून दाखवील आणि बाई खिडकीबाहेर पाहत ऐकतील, हेही दिसत होतं. सकाळी पोस्टाच्या पेटीपाशी ते उभे राहिले. पाकीट फोडून 'मी भरवीन' खोडावं, असं एकदा मनात आलं. मागे एक माणूस पाकीट घेऊन खोळंबला होता. त्याला आणखी ताटकळत ठेवायला नको, म्हणून मोहरीलांनी हात पुढे केला आणि पत्र आत सोडलं.