ओट्याखालचा कॉक

बाईंनी पुन्हा लायटर मारला. नुसतीच ठिणगी. ज्योत नाही, गॅसचा सूं आवाजही नाही.

छत्तीस वर्षं कॅन्टीनच्या भट्ट्या सांभाळलेल्या बाई शेगडीपुढे हात टेकणाऱ्या नव्हत्या. सिलिंडर हलवून पाहिला, चांगला जड होता. रेग्युलेटर चालू होता. बर्नर काढून त्याची भोकं टाचणीने साफ केली, पुसून परत बसवला. तरी तेच. सकाळी लेकीने याच शेगडीवर स्वयंपाक केला होता आणि दुपारी ही रुसून बसली! आठवडाभर असंच चाललं होतं. संध्याकाळी लेक "बघते मी" म्हणायची आणि तिच्या हाताने मात्र शेगडी मुकाट पेटायची.

शेवटी बाईंनी शेजारणीकडून नंबर घेऊन मेकॅनिकला बोलावलं. त्याने शेगडीला हातही लावला नाही. वाकून ओट्याखालचा डबा सरकवला, मागच्या नळीवरचा कॉक फिरवला. शेगडी पेटली.

"अगं बाई! हा कधी उगवला इथे?"

"मीच बसवला की, आजी. ताई म्हणाल्या, तुमचा हात पोचणार नाही अशा जागी..." त्याने जीभ चावली.

बाई ज्योतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद कर. डबाही होता तिथे ठेव."

संध्याकाळी लेक घरात येते न येते तोच त्या म्हणाल्या, "मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं होतं, आई."

"एकदाच तर राहिला गॅस चालू. दूध करपलं त्या दिवशी."

"त्यानंतर परत राहिला." लेक खुर्चीत बसली. "ज्योत विझलेली, घरभर वास. आणि तू तिथेच लसूण सोलत बसली होतीस."

बाईंनी डोक्याला ताण दिला. दूध आठवलं, करपलेलं पातेलं आठवलं. लसूण काही केल्या आठवेना. लेक थाप मारत असेल म्हणून त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थाप नव्हती.

"मग मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, माझ्या मुलीला सांगू नका हं, ती उगाच घाबरेल."

बाई उठल्या, कांदे घेतले आणि चिरायला लागल्या. फोडणी लेकीने दिली. जेवताना आमटी अळणी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच बाई मिठाबद्दल काही बोलल्या नाहीत.