गल्ली ब्याण्णवचा नकाशा

"दादा, अडीच वाजलेत. साहेब साडेतीनला खिडकी लावतात, ठाऊक आहे ना?" लामदुआन टेबलावर वाकून म्हणाली.

ठाऊक नसायला काय झालं? थायलंडमधल्या हुआ हिनच्या इमिग्रेशन कचेरीबाहेर विचियन एकोणीस वर्षं झेरॉक्सचं मशीन मांडून बसला होता. घराचा हाताने काढलेला नकाशा ही तर त्याची खासियत. परदेशी माणसाला स्वतःच्या घरचा रस्ता कागदावर उतरवता येत नाही, आणि इथल्या साहेबांना तो झोपतो ती खोलीसुद्धा दाखवलेली लागे. नकाशा फसला की अख्खी फाईल परत.

आजची फाईल ओड्वारची होती. चौसष्ट वर्षांचा नॉर्वेचा पेन्शनर, लामदुआनचा भाडेकरू. पाहुणा म्हणून आला आणि आता त्याला इथेच राहायचा परवाना हवा होता. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! पाहुण्याच्या शिक्क्याचे बरोबर पंधरा दिवस उरले होते. त्याहून कमी उरले की अर्ज घेत नाहीत. आज हुकलं, तर गाशा गुंडाळून देशाबाहेर.

नऊ वर्षं विचियन दुपारचा भात लामदुआनच्या गाडीवर खात आला होता. तिचा नवरा गेला, तेव्हा लोकलाज म्हणून तो थांबला. मग भीड म्हणून थांबला. नव्या वर्षाला लग्नाचं विचारू म्हणता म्हणता तीन नवी वर्षं सरली, आणि या लेकाच्याला एक सुट्टी पुरली.

"जेवलात का?" ओड्वारने हात जोडून मोडक्यातोडक्या थाईत विचारलं. माणूस सज्जन होता, हेच जास्त खुपत होतं.

"बोलायला शिकला की तुझा भाडेकरू."

"शिकवतेय. पोपटापेक्षा बरा आहे," लामदुआन हसली.

विचियनने पेन उचललं. गल्ली ब्याण्णवच्या जागी नव्वद लिहिलं, की संपलं. दोन घटका पेन तसंच राहिलं. पण त्याच्या हातची एकही फाईल आजवर परत आली नव्हती. त्याने ब्याण्णव लिहिलं. मात्र अंगणाच्या टोकाला, नारळापलीकडे, भाडेकरूची खोली काढली आणि मध्ये चांगली जाड भिंत घातली.

"ही भिंत कसली?"

"भाडेकरू वेगळा राहतो ना."

लामदुआनने ओड्वारकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "तिथं आता माझ्या लोणच्याच्या बरण्या असतात, दादा. साहेब कधी कधी बघायला येतात. खोटं नको."

विचियनने तो कागद चुरगळून टाकला आणि नवा घेतला. रस्ता, देऊळ, गल्ली, नारळ, घराचा दरवाजा. तिथे त्याचा हात थांबला.

"आतलं मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी कधी आत आलोच नाही. तूच सांग."

ती सांगत गेली. आधी जिना. डावीकडे स्वयंपाकघर. त्याला लागून खोली.

"एकच?"

"एकच."

"खिडकी?"

"पूर्वेला. समुद्राकडे."

विचियनने पट्टी ठेवली आणि पूर्वेला खिडकी काढली.