डाव्या खुंटीवरची वात

सकाळी आठ वाजता कोंडीरामच्या लक्षात आलं, की डाव्या खुंटीवरची वात कमी झाली आहे.

तेरखेड्यातल्या या खोलीत तो वीस वर्षं शोभेची दारू करत होता. डाव्या खुंटीवर नेहमी भर्रकन जळणारी वात असायची, लग्नातल्या फटाक्यांची. उजव्या खुंटीवर काल त्यानं मुद्दाम दुसरी टांगली होती, सावकाश जळणारी. पेटवणाऱ्याला लांब पळता यावं म्हणून. वाळल्यावर दोन्ही सारख्याच काळ्या. १९४८चा एप्रिल होता. रझाकारांनी ठाण मांडलेल्या नाक्यावर टाकायला जावयानं, महारुद्रनं, सहा गोळे सांगितले होते. पहाटे तो ते कडब्याच्या गाडीत घालून गेलाही.

कोंडीरामनं उजवीकडची वात हातानं मापली. चार गोळ्यांपुरतीच गेली होती.

"सारजा, काल रझाकारांची लारी आली तवा म्या काय करत व्हतो?"

सारजाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. "बसला व्हता की हितंच. हात चालू व्हते तुमचे."

"कंच्या खुंटीकडं?"

"मला काय ठावं? म्या लारीकडं बघत व्हते."

"म्या बी."

तिचा थापणारा हात थांबला. "इतकं कसं ध्यान न्हाय वो? पोरीचा नवरा हाय त्यो!"

"हात हितं व्हते, सारजे. म्या न्हवतो."

लारीचा चेपलेला पत्रा त्याला आठवत होता. खाली उतरलेल्यांचे बूट आठवत होते. दोन गोळ्यांना वात बांधल्याचं मात्र काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

महारुद्रला गाठायला तो निघाला, तर सडकेवर दोन रझाकारांनी अडवलं.

"कहाँ चले, बारूदवाले?"

कोंडीरामचा हात आपोआप कपाळाला गेला. "येरमाळ्याला, सरकार. जत्रेचं काम हाय."

"हमारी फतह के दिन भी उडाना!"

ते हसले. तोही हसला. सुटल्यावर बऱ्याच अंतरापर्यंत त्याच्या तोंडावर ते हसू तसंच होतं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

साडेअकराला ओढ्यात गाडी दिसली. बैल सोडलेले, आणि चाकाच्या सावलीत महारुद्रचा जोडीदार बब्रुवान.

"मामा? तुमी हिकडं?"

"महारुद्र कुठाय?"

"गेला की, चार गोळे घिऊन. नाक्यावाले दुपारी जेवाय बसले की बार!"

"आन दोन?"

"हायेत कडब्यात. मागं लागलं कुणी तर असावेत म्हून."

कोंडीरामनं दोन्ही गोळे काढले. दोन्हींच्या वाती तोडून घेतल्या, गोळे लांब नेऊन ठेवले आणि वाती दगडावर मांडल्या. मग काडी ओढली.

"भर्रकन जळ," तो पुटपुटला. "आई येडेश्वरी, भर्रकन जळू दे."

बब्रुवान हसला. "उलटंच मागताव की, मामा! भर्रकन जळली तर आमी मरू."

पहिल्या वातीवर ठिणगी मुंगीसारखी सरकू लागली. वातीचं दुसरं टोक गाठायला तिला बराच वेळ लागला. कोंडीरामनं दुसरी पेटवली. तीही तशीच, सावकाश.

बब्रुवानचं हसू गेलं. "म्हंजी?"

"म्हंजी म्या चुकून बांधलेल्या, भर्रकन जळणाऱ्या दोन वाती त्याच्यापाशी हायेत."

"कंच्या, ते वळखंल का त्यो?"

"मलाच वळखंना, त्याला काय वळखायच्या?"

"आता जायचं म्हटलं तर माळ उघडा हाय, मामा. त्यास्नी सगळं दिसतंय तिथनं. पळणारा दिसला की गोळी घालत्यात."

"मग पळत न्हाय."

कोंडीरामनं पटका सोडून पुन्हा बांधला आणि ओढ्याची दरड चढला.

बाराला दहा मिनिटं कमी होती. माळावर झुडूपसुद्धा नव्हतं. समोर नाक्याचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं; महारुद्र कुठंच दिसत नव्हता. पाय पळायला बघत होते, आणि कोंडीराम एकेक पाऊल ध्यानात ठेवून, सावकाश टाकत होता.

अजून आवाज झाला नव्हता.