युक्लाचं शिंगरू

मर्ना ट्रेगेन्झाने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या लिलावात गाभण घोडी घेतली, तेव्हा तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अजून तीन आठवडे आहेत." म्हणूनच धाकट्या भावाला, कीथला, सोबत घेऊन ती नलारबॉरचं माळरान ओलांडून शेजारच्या राज्यातल्या आपल्या घरी निघाली.

शिंगरू तिच्या राज्यात, पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्मलं, तर पुढे त्याने शर्यत जिंकली की मालकासारखंच, पैदास करणारी म्हणून मर्नालाही राज्याकडून बक्षीस मिळणार होतं. त्या भरवशावरच एकसष्टाव्या वर्षीही तिने तबेला चालू ठेवला होता. शेजारच्या दोघांनी तर घोडे विकून मेंढ्या घेतल्या होत्या.

राज्याची सीमा चाळीस किलोमीटरवर राहिली असताना कीथ गाडी थांबवून मागच्या ट्रेलरमध्ये डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मर्ना, घोडी घामाने निथळतेय. सडांतून चीक गळतोय."

"तीन आठवडे म्हणे! काय तुझा तो डॉक्टर!"

"माझा कुठला? तूच त्याच्यापुढे मान डोलावत होतीस. बस आत, अर्ध्या तासात सीमेपार नेतो."

घोडी खुराने फळी खरवडत होती, मान वळवून पोटाकडे बघत होती. धावत्या ट्रेलरमध्ये ती आडवी झाली, तर मायलेकरं दोन्ही जातील, हे मर्नाला दिसत होतं.

"नाही. उतरव तिला."

"अगं, इथे जन्मलं तर बक्षिसावर पाणी!"

"कळतंय मला. उतरव म्हणते ना!"

पुटपुटत कीथने ट्रेलरचं दार खाली सोडलं. खुरट्या झुडपांतून घोडी गोल गोल फिरत राहिली आणि मर्ना दोर धरून तिच्याबरोबर. समुद्राकडून गार वारा सुटला. तासाभराने घोडीचा घाम वाळला, तिने नाकपुड्या फुरफुरवल्या आणि ती चक्क चरायला लागली. परक्या जागी बिचकली की घोडी कळा रोखून धरते, हे मर्नाने पाहिलं होतं. किती वेळ, ते मात्र कुणीच सांगू शकत नाही.

घोडी शांत आहे तोवर दोघं तिला चढवून अगदी हळू निघाले. सीमेवरच्या तपासनीस बाईने पिशव्या उघडायला लावल्या.

"सफरचंदं पलीकडे नेता येणार नाहीत, कीड येते. गवतही नाही."

"सगळं घ्या," मर्ना म्हणाली, "हवं तर भावालाही ठेवून घ्या. पण लवकर सोडा हो!"

बाईने ट्रेलरमध्ये नजर टाकली आणि लगेच फाटक उघडलं.

सीमेपलीकडच्या पहिल्याच गावात, युक्लाच्या पेट्रोल पंपामागे, लख्ख उन्हात घोडी उतरली आणि वाळूवर बसलीच. वीस मिनिटांत चार लांबच लांब पाय आणि पांढऱ्या कपाळाची मादी बाहेर आली, दोनदा धडपडली, तिसऱ्यांदा उभी राहिली.

नोंदीचा कागद काढून कीथने विचारलं, "वेळ कुठल्या घड्याळाची लिहू? इथलं घड्याळ आपल्या घरच्यापेक्षा पाऊण तास पुढे आहे."

"कुठलीही लिही," मर्ना डोळे पुसत हसली. "गाव तेवढं नीट लिही."

आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती मांडी घालून खाली बसली.