कोपऱ्यातला अंगठा

"ही नव्हे," बाबा म्हणाले.

फोटोवाल्याने माउसवरचा हात काढून माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर आई होती, तिच्या ओळखपत्रावरची. मान ताठ, डोळे मोठे, चोरीचा आळ आल्यासारखा चेहरा.

"काका, कार्डावर सगळे असेच दिसतात," फोटोवाला म्हणाला. "माझ्या कार्डावर तर मी फरार गुन्हेगार वाटतो."

"असेल. पण ही ती नव्हे."

मी कपाळाला हात लावला. सकाळपासून नन्नाचा पाढा चालला होता. लग्नातला फोटो दाखवला तर म्हणाले, ही तर पोर आहे. खरंच होतं ते. एकोणीस वर्षांची, मान खाली घातलेली ती मुलगी मलाही कधी भेटलेली नव्हती. माझ्या फोनमध्ये दोन फोटो होते. एकात आईने नेहमीप्रमाणे चेहऱ्यासमोर हात धरला होता. दुसरा दवाखान्यातला, तो मी त्यांना दाखवलाच नाही. मी स्वतःही तो परत उघडलेला नाही.

आणि वेळ कुठे होता? बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक घेऊन निघणार होते. आई गेल्यावरची पहिली फेरी. केबिनमध्ये काचेच्या वर लावायला त्यांना आईचा फोटो हवा होता. त्याशिवाय तिथे एकट्याला बसवत नाही म्हणाले.

"इतकी वर्षं एकटेच तर जाताय," मी म्हटलं होतं.

"तेव्हा एकटा नव्हतो गं."

मी आईचं कार्ड पर्समध्ये टाकलं. "दुसरा शोधून पाठवते, संध्याकाळपर्यंत करून द्याल ना?" असं फोटोवाल्याला विचारलं आणि बाबांना घेऊन घरी आले.

गंमत बघा. ज्या घरात वर्षानुवर्षं रोज फोटो निघत होता, त्या घरातल्या बाईचा एक धड फोटो सापडू नये!

बाबा लांब पल्ल्याचे ट्रक चालवतात. एकदा गेले की तीन-तीन, चार-चार आठवडे तोंड दिसत नाही. घरात कॅमेऱ्याचे फोन आले तेव्हा आईने नियम घातला होता: रोज एक फोटो. तू कुठे आहेस ते मला दिसलं पाहिजे, घरात काय चाललंय ते तुला. दोन नकोत. दुसरा फोटो दाखवण्यासाठी काढला जातो, असं तिचं म्हणणं. लोकांसमोर ती बाबांना "अहो" म्हणायची; भांडताना, नियम घालताना मात्र "तू". बाबा मुक्कामाला पोचले की पाठवायचे: बोटीवर चढायला थांबलेल्या गाड्यांची रांग, वायपरवर साठलेलं बर्फ, पेट्रोल पंपाच्या बाकाखाली झोपलेलं कुत्रं. आई घरातलं पाठवायची: जिन्यातला नवा बल्ब, माझे परीक्षेला पॉलिश केलेले बूट, गळक्या नळाखालची बादली. खाली मजकूर नाही, चौकशी नाही. ज्याला फोटो मिळाला त्याने फक्त लिहायचं, "पोचला".

बाबा घरी आले की फोटो बंद. "समोर बसलाय की, आता कसला फोटो?" असं म्हणून ती फोन ड्रॉवरमध्ये टाकायची.

आई कपडे दुरुस्त करून द्यायची. झिपा बदलणं, बाह्या आखूड करणं, पँट ढिली करणं. त्या हातांना फोन धरताच आला नाही कधी. शर्ट कॉलरला धरून उचलावा तशी ती डाव्या हाताने फोन वरून धरायची. चार बोटं पुढे, अंगठा मागे. मग उजव्या बोटाने बटण दाबायची. त्यामुळे तिच्या प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात तिचा अंगठा. बाबा फोनवर ओरडायचे.

"अगं, तो अंगठा काढ आधी! निम्मं घर दिसत नाही मला."

"राहू दे. तेवढीच माझी सही."

"सही कसली? अंगठेबहाद्दर आहेस."

"हो ना! नववीत शाळा सोडलेला माणूस सांगतोय!"

आई शाळा पुरी शिकली होती. बाबांचे कंपनीचे कागद तीच भरायची. तरी हे अंगठेबहाद्दर प्रकरण दर फेरीला एकदा तरी व्हायचंच, आणि झालं नाही तर ती म्हणायची, आज ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

घरी आल्यावर मी आईचा फोन ड्रॉवरमधून काढून सुरू केला. त्यात कुठेतरी तिचा स्वतःचा फोटो असेल अशी आशा होती. सगळे बाबांचेच रस्ते, घाट, धुकं. मी तो बंद न करताच परत ठेवला. पुढच्या आठवड्यात तिचा नंबर बंद करायला जायचंच होतं.

बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्या फोनवर आईचे फोटो बघत होते. एक फोटो आला की दोन बोटांनी मोठा करायचे, वरच्या कोपऱ्यात सरकवायचे, बघायचे, पुढे जायचे. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

"बाबा, त्यात आई नाहीये. मी सगळे पाहिलेत. किटल्या आणि बादल्या आहेत नुसत्या."

"हं."

मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि मागे उभी राहून बघू लागले. एकात कोपरा पांढरा होता. "सुई टोचली होती तेव्हा. पट्टी," ते स्वतःशीच म्हणाले. एकात निळसर. "खडू." मग दवाखान्यातला शेवटचा, बाबा परतीच्या वाटेवर असताना तिने पाठवलेला. अर्धी खिडकी आणि अर्धा अंगठा. तो त्यांनी मोठा केला नाही. पटकन पुढे गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे सगळे फोटो दोघं एकमेकांपाशी नव्हते त्या दिवसांचे आहेत. लग्न सोडलं तर दोघं एकत्र होते त्या दिवसांचं आमच्याकडे काहीच नाही. मला रडू आलं, आणि ते बाबांना दिसू नये म्हणून मी भांडी आवरायला लागले.

"हा," बाबा म्हणाले.

खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर बाबांचा राखी स्वेटर वाळत घातलेला. सकाळचं ऊन. बाह्या खाली लोंबत होत्या. वर डाव्या कोपऱ्यात नेहमीचा तांबूस धब्बा.

"हा तुमचा स्वेटर आहे."

"माहितीये मला."

"केबिनमध्ये स्वेटरचा फोटो लावणार?"

"लावतो. तुला काही अडचण आहे का, बाईसाहेब?"

मी चिडले की ते मला बाईसाहेब म्हणतात. मी वाद घातला नाही. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून मी एक गोष्ट शिकले आहे, दुखतंय तिथे जास्त विचारायचं नसतं. फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी दुकानात गेलो तर फोटोवाला खुशीत होता. छापलेला फोटो त्याने दोन हातांनी काउंटरवर ठेवला. स्वेटर होता, खुर्ची होती, खिडकीची चौकट लख्ख दिसत होती. वरच्या कोपऱ्यात स्वच्छ भिंत आणि ऊन.

"काका, कोपऱ्यात बोट आलं होतं कुणाचं तरी. ते काढून टाकलं. बघा, कळतं तरी का! त्याचं वेगळं काही घेत नाही मी."

बाबांनी फोटो हातात घेतला. इतका वेळ बघत राहिले की फोटोवाल्याचं हसू हळूहळू मावळलं.

"बोट नाही ते," बाबा म्हणाले. "माझी बायको आहे."

मग फोटोवाला खुर्चीत बसला, मूळ फोटो उघडला आणि कोपऱ्याला हात न लावता तो पुन्हा छपाईला टाकला. यंत्रातून कागद बाहेर यायला लागला तसे बाबा खाली वाकून बघू लागले. आधी वरचा कोपरा आला.

"खुर्चीवर मी," ते मला हळूच म्हणाले, "आणि ही ती. लग्नानंतरचा आमचा दोघांचा एवढा एकच आहे बघ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी जन्मभर ऐकत आले होते. मी बाबांचा दंड धरून उभी राहिले. मला तेवढंच जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रक घेऊन निघाले. मी कामावर गेले, दिवसभर लोकांना वेळा दिल्या, संध्याकाळी घरी येऊन चहा ठेवला. आणि ड्रॉवर वाजला.

आईचा फोन होता. पडद्यावर नाव आलं: अहो.

मी उघडून पाहिलं. घाटात थांबलेल्या ट्रकांची रांग, पुढच्या गाडीचे लाल दिवे, काचेच्या वर चिकटवलेला आमचा छोटासा फोटो. आणि त्या सगळ्यावर, वरच्या कोपऱ्यात, एक मोठा, काळपट, धूसर अंगठा. इतक्या वर्षांत बाबांच्या एकाही फोटोत कधी बोट आलं नव्हतं. त्याचा त्यांना केवढा तोरा होता.

"पोचला" असं लिहायचं अगदी बोटांवर आलं. पण ते मी लिहायचं नव्हतं. फोन आईचा होता आणि फोटोही तिलाच होता.

बॅटरी संपत आली होती. मी चार्जर शोधून फोनला लावला. वायर बाहेर राहिली म्हणून ड्रॉवर पूर्ण मिटेना. तो तसाच थोडा उघडा राहू दिला.