हिरव्या गोलाकडे बोलावणारी घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, माझा आवाज ऐकून कोणी धावत आलं, की आजही त्याला मागे फिरवावंसं वाटतं. का, ते ऐका.

भट्टीत वितळलेल्या पितळेतून माझा जन्म झाला. मला ओतणाऱ्या कारागिराने टांगून पहिला टोला दिला आणि म्हणाला, "खणखणीत आहे पोरगी!" एका बांधकाम कंपनीने मला घेतलं. कित्येक इमारती माझ्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. वरून काही निसटलं, बांबूंची परांची हलली, की कोणीतरी माझी दोरी ओढी. माणसं हातातलं काम टाकत, आधी वर बघत आणि मग वाट फुटेल तिकडे पळत. शिस्त नावालाही नव्हती. पण संध्याकाळी सगळे घरी जात, आणि जाता जाता एखादा मला थोपटून जाई. पुढे विजेचा भोंगा आला आणि मी रिकाम्या पोत्यांखाली गेले. तिथे मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग कंपनीला सुरक्षेचं प्रमाणपत्र हवंसं झालं. त्याशिवाय मोठी कामं मिळणार नव्हती. वीज गेली की भोंगा मुका, म्हणून मला घासूनपुसून ऑफिसच्या दाराशी टांगलं. माझी दोरी सेफ्टीताईच्या हाती आली. सुरक्षेचं सगळं तीच बघे. कामसू पोर, पण झोप उडालेली. "प्रमाणपत्र हुकलं तर पहिली कुऱ्हाड माझ्यावर," असं ती म्हणे.

फाटकासमोर मोठा हिरवा गोल रंगवला. घंटा वाजली की सगळ्यांनी तिथे जमायचं. जागा साहेबांनी निवडली, कारण तिथे फोटोत मागे कंपनीचा फलक छान येई. रोज सराव होऊ लागला. सरावाच्या वेळी क्रेन बंद ठेवत. काळजी म्हणूनच हो! त्यामुळे एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. एरवी दिवसभर लोखंडी सळयांच्या मोळ्या त्याच गोलावरून पलीकडे जात. त्यांची सावली गोलावरून सरकताना मी बघत असे. पण दुसऱ्याने वाजवल्याशिवाय घंटेला बोलता येत नाही.

सरावात एकच माणूस मागे राही. ते गवंडीबाबा, ताईचे वडील. गुडघा दुखरा आणि सवय जुनी. ते थांबत, वर बघत, मग सावकाश येत.

"आलं बघा, वरातीमागून घोडं!" सुपरवायझर हसे, आणि ताई ओशाळे.

प्रमाणपत्रासाठी तपासणी करणारे परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी ती वडिलांना माझ्यापाशी घेऊन आली.

"बाबा, उद्या तरी माझी लाज राखा. वर काय बघत बसता? सरळ पळत या."

"अगं, काय पडतंय ते आधी बघायला नको?"

"उद्या काही पडणार नाहीये, बाबा. नुसती घंटा वाजणार आहे."

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं बाई. पळतो."

परीक्षक आले. त्यांना चालू काम दिसावं म्हणून साहेबांनी क्रेन सुरू ठेवली. सरावाला अजून अवकाश होता. तेवढ्यात सळयांच्या मोळीचा एक दोर सरकला आणि मोळी गोलाच्या बरोबर वर तिरकी लोंबकळू लागली. खाली चिटपाखरूही नव्हतं. मित्रांनो, मी गप्प राहिले असते, तर सळया मोकळ्या जमिनीवर पडल्या असत्या.

"मोळी सुटतेय!" कोणीतरी ओरडलं. ताईचा हात सवयीने दोरीवर गेला. मी जन्मात वाजले नव्हते इतकी वाजले. चहूबाजूंनी माणसं गोलाकडे धावली. सराव चांगलाच झाला होता.

मग ताईने वर पाहिलं. दोरी सोडून तिने मला दोन्ही हातांनी घट्ट आवळलं आणि किंचाळली, "इकडे नको! मागे फिरा!" धावणारे थबकले.

पण गवंडीबाबा त्या दिवशी गोलाजवळच कामाला होते, म्हणून सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी लेकीला शब्द दिला होता. मान खाली घालून, लंगडत ते पळत होते, आणि एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

सळया पडल्या. बाबा उठले नाहीत.

ताई आता माझ्याजवळून जाते, पण माझ्याकडे बघत नाही. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, घंटा ऐकलीत की सावध जरूर व्हा, पण आधी वर बघा. कोणी हसलं तरी बघा. आणि एखादं म्हातारं माणूस मागे रेंगाळलं, तर त्याला पळा म्हणण्याआधी ते काय बघतंय, तेवढं विचारा.