रुंद पाट

धोतराच्या निऱ्या तिसऱ्यांदा सुटल्या तेव्हा लक्ष्मीदेवीने काही न विचारता कपाटातून सुती नाडा काढला आणि नवऱ्याच्या कमरेला दोन वेढे देऊन करकचून बांधला. श्राद्धाला बसणाऱ्याच्या अंगावर शिवलेलं काही चालत नाही, पिन तर नाहीच नाही. नाडा चालतो की नाही, हे वरदराजरावांना ठाऊक नव्हतं. आजवर कधी गरजच पडली नव्हती. दोन वर्षांपूर्वी हेच दहा हाती धोतर त्यांच्या पोटावरून जेमतेम पुरायचं.

"उद्यां सकाळीं सातास गाडी येतीये," ती म्हणाली. "आज पानावर वीरपणा दाखवूं नका."

"जेवायास जातों मी. युद्धास नाही."

"तुम्हास अत्तां दोन्ही एकच कीं."

वरदराजराव उपरणं पांघरून निघाले.

सब-रजिस्ट्रार कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी इतरांच्या घरांचे आणि शेतांचे दस्त उतरून घेतले. पण कुंभकोणच्या मराठी घरांत त्या नोकरीवरून त्यांना कुणी ओळखत नसे. ते ओळखले जात पितरांच्या जागी बसणारा माणूस म्हणून. मुलं चेन्नईला, बेंगळूरला, अमेरिकेला गेली. आपल्या रीतीने श्राद्ध जेवणारे ब्राह्मण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यात वरदराजरावांचं जेवण म्हणजे काय सांगावं! बारा-चौदा वडे, वर अनारशासारखे गोड अदिरस, खीर आणि शेवटी दहीभात. यजमानाने रीतीप्रमाणे "तृप्त झालात ना?" असं विचारलं की ते खणखणीत आवाजात "तृप्तोस्मि" म्हणत, आणि त्या घरचे वाडवडील वर्षभरासाठी निवांत झाले असं सगळ्यांना वाटे.

खाल्लेलं अन्न मात्र अंगी लागत गेलं. वजन एकशे सव्वीस किलोवर पोचलं, गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला. मुलगी स्फूर्ती त्यांना त्रिचीला घेऊन गेली. तिथे शस्त्रक्रिया झाली आणि पोट कापून लिंबाएवढं ठेवलं. पहिले सहा महिने काय कौतुक! पोत्रामरै तळ्याभोवती ते फेऱ्या मारू लागले, तर लोक थांबून अभिनंदन करत. पुढे वजन थांबेल असं डॉक्टर म्हणाले होते. ते थांबलंच नाही. सत्तर झालं, साठ झालं, गेल्या महिन्यात सेहेचाळीसवर आलं. केस गळले. दंडाची कातडी ओल्या पंच्यासारखी लोंबू लागली. जमिनीवर बसलं की हाडं टोचत. दोन घास जास्त गेले, किंवा गोड जिभेला लागलं, की दरदरून घाम फुटे, छातीत धडधड होई आणि सगळं उलटून पडे. आधी लोक हळूच विचारत, "रिपोर्ट काय म्हणतो?" मग विचारेनासे झाले. न विचारणंच जास्त लागतं, हे वरदराजरावांना तेव्हा कळलं.

आता आतड्यात नळी घालून महिनाभर अन्न द्यायचं आणि नंतर पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही ते ठरवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवस घालवू नका, असंही बजावलं होतं. तरी ह्या गृहस्थांनी तीन आठवडे काढले, ते आजच्या तिथीसाठी. आज कृष्णमूर्तिरावांचं वर्षश्राद्ध होतं.

कृष्णमूर्तिरावांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि शाळेपासूनची मैत्री. त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला वरदराजराव बावीस वर्षं बसले. एकदा साधा पाट त्यांच्याखाली कडाडला, तेव्हा मित्राने साक्कोट्टैच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा दुप्पट रुंद पाट करून घेतला. तो पाट इतर कुणालाही द्यायचा नाही असा घरात दंडकच होता. "माझ्या दिवशींहि तूच बस, वरदा," कृष्णमूर्तिराव हसत म्हणत. "दुसऱ्या कोणाचं पोट मज पुरणार नाही." आणि मग गेल्या वर्षी घशाच्या आजाराने दोन महिन्यांत माणूस गेला.

गेल्या पंधरवड्यात त्यांच्या बायकोचा, गोमतीबाईंचा फोन आला होता. घरचे पुरोहित त्यागराजशास्त्री दुसरा ब्राह्मण बघतो म्हणतात, तुमचं जेवण आता कसं आहे, असं त्या विचारत होत्या. वरदराजराव म्हणाले, पहिल्यासारखंच आहे. ताकास तूर लागू दिली नाही. फोन ठेवला तेव्हा लक्ष्मीदेवी दारातच उभी होती.

मित्राच्या घरी पोचल्यावर कृष्णमूर्तिरावांचा मुलगा श्रीकर त्यांचे पाय धुवायला बसला. तो चेन्नईहून कालच आला होता. हात पोटरीवर गेला आणि तिथेच थबकला. तिथे पोटरी नव्हतीच. त्याने वर पाहिलं नाही, पाणी घातलं, पाय पुसले. आत देवांच्या जागी बसायला तिरुनीलक्कुडीचे हरिप्रसाद आले होते. त्यांना साधा पाट होता. वरदराजरावांसमोर तो रुंद पाट मांडलेला. ते बसले, आणि एवढा मोठा पाट बराचसा मोकळा दिसू लागला.

संकल्प, आवाहन, गंध, तीळ सगळं यथासांग झालं. केळीचं पान आलं. मिऱ्याची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी, उडदाचे वडे, अदिरस, तिळाचे लाडू, खीर. श्रीकर स्वतः वाढत होता. वडील हयातभर म्हणत आलेले, वरदाचं पान रिकामं दिसतां कामा नये. मुलगा बिचारा वाढत राहिला. श्राद्धाचं जेवण मौनात असतं, "पुरे" म्हणायची सोय नाही, आणि हात आडवा धरायला वरदराजरावांचं मन होईना.

त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही वाईट. न जेवता उठावं तर पितर उपाशी गेला. जेवावं आणि उलटी झाली तर सगळं श्राद्धच वाया, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. भरल्या पानावरून उठणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आपोशनाचं पाणी गिळतानाच पोटात जागा अडली. तरी त्यांनी भात कालवला. एक वडा खाल्ला. कृष्णमूर्तीला आवडायचा म्हणून अर्धा अदिरस खाल्ला. दुसरा वडा तोंडात घातला आणि कपाळावर पहिला थेंब फुटला.

मग धडधड सुरू झाली. पाठीवरून घामाची धार नाड्यापर्यंत गेली. घशाशी आंबट आलं. त्यांनी डोळे मिटले, दात घट्ट आवळले आणि डाव्या हाताने पाटाची पुढची कड धरली. नको, इथे नको, एवढंच ते मनात म्हणत राहिले. शास्त्रींनी उन्हाकडे पाहून खाकरून घेतलं. पिंडदान अजून व्हायचं होतं. हरिप्रसादांचा दहीभात संपत आला होता. आजचं जेवण नासलं तर ते आपल्यामुळे, आपल्या एका खोट्यामुळे, हे वरदराजरावांना लख्ख दिसत होतं. मित्राला आपण शेवटचाही घास घालू शकलो नाही, या विचाराने त्यांना रडू आलं, आणि रडायलाही भीती वाटली, कारण हुंदक्यासरशी पोट उलटलं असतं.

श्रीकर खिरीचं भांडं घेऊन पुढे आला, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून गोमतीबाई बाहेर आल्या. त्यांनी मुलाच्या हातातलं भांडं काढून घेऊन खाली ठेवलं.

"वाढूं नको अत्तां," त्या म्हणाल्या. "थांबूं."

शास्त्री म्हणाले की वेळ टळेल. आणि किती थांबायचं?

"जेवण होईपर्यंत." गोमतीबाई खांबाला टेकून जमिनीवर बसल्या. त्यांचा आवाज शांत होता. "शेवटच्या महिन्यांत ह्यांस एक चमचा कांजी जायास अर्धा तास लागत होता. घाम असाच येत होता. मी चमचा धरून बसत होतें. ते इतकंच जेवत होते, शास्त्री. अत्तां वर्षानें आले, तर चौदा वडे कुठून खातील? जसे गेले तसेच आले आहेत कीं. भावजींस बसूं द्या."

श्रीकर आईशेजारी बसला. सकाळपासून घरात कुणाच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ब्राह्मण उठल्याशिवाय घराला जेवण नाही. तरी कुणी घाई केली नाही. हरिप्रसाद आपलं पान संपवून बसून राहिले. मागच्या परसात कावळे ओरडत होते. घशातलं आंबट हळूहळू खाली गेलं, छाती ठिकाणावर आली. वरदराजरावांनी डोळे उघडले. गोमतीबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, पानाकडे पाहत होत्या.

त्यांनी आमटीभाताचा वाटाण्याएवढा घास घेतला. चावून चावून गिळला. थांबले. मग दुसरा. असे नऊ घास झाले. घरातल्या सगळ्यांनी ते मोजले असतील, कारण नववा खाली गेल्यावर त्यांनी हात पानावरून बाजूला घेतला आणि श्रीकर आपणहून उठून उभा राहिला. उन्हाची तिरीप अंगणातून उंबऱ्यावर आली होती.

श्रीकरने हात जोडून संस्कृतात विचारलं, तृप्त झालात का?

आयुष्यात शेकडो वेळा दिलेलं उत्तर. आज त्यांचा आवाज शेजारच्यालाही जेमतेम गेला असता. "तृप्तोस्मि," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. दोन वर्षांत पोट दुखलं होतं, डचमळलं होतं, रिकामं राहिलं होतं. भरलं होतं ते आजच.

पिंडदान झालं. रीतीप्रमाणे श्रीकर त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आला, पण आज त्याचा हात त्यांच्या दंडाखाली होता. उद्या दवाखान्यात जायचं आहे, नळी घालणार आहेत, हे वरदराजरावांनी त्याला आता सरळ सांगितलं. त्याच्या आईला फोनवर खोटं बोललो, हेही सांगितलं.

"अम्मास ठाऊक होतं, काका," श्रीकर म्हणाला. "लक्ष्मीकाकू येऊन सांगून गेल्या. तरी अम्मा म्हणाली, तेच बसतील." त्याने वाकून त्यांच्या चपला पुढे ठेवल्या. "मज सांगितलं नव्हतं. मी वाढत गेलों."

"तुझ्या बापासहि वाढायचं थांबवतां येत नव्हतं," वरदराजराव म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून चपला घालू लागले.

दारातून आतलं दिसत होतं. हरिप्रसादांचा पाट उचलून भिंतीला लावला होता. रुंद पाट अजून जागेवरच होता. त्याच्या उजव्या अंगाला त्यांच्या घामाने ओल आली होती; डावा अर्धा भाग सकाळी पुसला होता तसाच कोरडा होता. इतका वेळ आपण शेजारी कुणाला जागा करून दिल्यासारखे एका कडेला सरकून बसलो होतो, हे वरदराजरावांच्या आता ध्यानात आलं. आजवर त्या पाटावर दुसऱ्याला कधी जागा उरली नव्हती.

गोमतीबाई स्वतःचं पान घेऊन आल्या. त्यांनी ते त्या कोरड्या बाजूसमोर मांडलं, पाणी शिंपडलं आणि शेवटच्या महिन्यांत बसत तशा, तिकडे तोंड करून जेवायला बसल्या.